खानदेशचा ज्वालामुखी कुठं लपलाय?

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात एक प्रयोग हमखास असतो. पुठ्ठ्यावर मातीचा डोंगर, डोंगराच्या टोकाला छोटी बाटली, बाटलीत खाण्याचा सोडा आणि चिमूटभर लाल रंग. पाहुणे आले की वरून व्हिनेगर ओतायचं. फसफसून लाल फेस बाहेर येतो, सगळे टाळ्या वाजवतात. शेजारच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं – 'ज्वालामुखी'.

प्रयोग गमतीचा आहे, यात शंकाच नाही. पण आता एक प्रश्न विचारतो. जळगाव किंवा धुळे जिल्ह्यात कुठंही विहीर खणा. कुठं आधी काळी माती लागेल, कुठं मुरूम लागेल, तापीकाठी गाळाचा जाड थर लागेल. पण खोल खोल गेलात की शेवटी लागतो तो काळा फत्तर. त्याचं शास्त्रीय नाव बेसाल्ट, आणि बेसाल्ट म्हणजे थंड होऊन गोठलेला लाव्हारस! म्हणजे खानदेशच्या पोटात सगळीकडे लाव्हाच लाव्हा आहे.

मग हा लाव्हा ओकणारा डोंगर कुठं गेला? सातपुड्यात शोधा, अजिंठ्याच्या रांगेत शोधा, गाळण्याच्या डोंगरात शोधा. प्रदर्शनातल्यासारखा टोकदार, वर भोक असलेला डोंगर तुम्हांला सापडणार नाही. तो कधी नव्हताच. मग ज्वालामुखी होता तरी कसा? त्याचं उत्तर काही विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या शिक्षकांनी उन्हातान्हात पायपीट करून शोधलं. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि गंमत म्हणजे ती अजून संपलेली नाही. तिचं पुढचं पान तुम्हीही लिहू शकता.

डोंगर नव्हे, पायऱ्या

जळगावकडच्या शाळांची सहल अजिंठ्याला जातेच जाते. लेण्यांतली चित्रं तर डोळे भरून पाहाच, पण एकदा मागं सरून समोरचा डोंगरही नीट पाहा. उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, पुन्हा सपाटी. जणू कुण्या राक्षसानं बांधलेला जिना! सह्याद्रीतही असंच दिसतं. स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्रापा' म्हणतात. त्यावरून अशा खडकाला 'ट्रॅप' म्हणायची पद्धत पडली आणि आपल्या भागातल्या या थरांना नाव मिळालं 'डेक्कन ट्रॅप'.

यातली एकेक पायरी म्हणजे लाव्हाचा एकेक थर. एक थर पसरला, थंड झाला. त्यावर दुसरा आला, तोही थंड झाला. असे थरावर थर साचत गेले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर जागा व्यापून आहे. हे घडलं साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले त्याच सुमारास. आणि खडकांचं वय मोजणारे शास्त्रज्ञ सांगतात, की यातला बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला. तुम्हांआम्हांला १० लाख वर्षं फार वाटतील, पण पृथ्वीच्या वयात ती म्हणजे डोळ्याची पापणी लवावी तशी!

थर आडवे आहेत, ही पहिली खूण लक्षात ठेवा. घट्ट पिठलं ताटात वाढलं तर ते ढीग करून बसतं. पातळ वरण वाढलं तर ताटभर पसरतं. आपला लाव्हा होता वरणासारखा. तो पसरला, म्हणून त्याचा टोकदार डोंगर झाला नाही.

पण इतका लाव्हा एका भोकातून येणं कठीण. तो आला जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून.

भेग पडते तेव्हा

भेगेतून लाव्हा येतो म्हणजे काय होतं, हे माणसानं डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आइसलँड नावाच्या बेटावर १७८३ सालच्या जून महिन्यात लाकी इथं जमीन उलली. सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग! पुढचे आठ महिने तिच्यातून लाव्हा येत राहिला. त्याबरोबर आलेल्या विषारी वायूंनी गवत जळालं, गुरं मेली, दुष्काळ पडला आणि त्या देशातली सुमारे एक पंचमांश माणसं दगावली.

अगदी अलीकडची गोष्ट पाहायची तर त्याच देशात ग्रिंडाविक नावाचं मासेमारांचं गाव आहे. १० नोव्हेंबर २०२३ ला तिथं भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसू लागले. शास्त्रज्ञांनी यंत्रांवरून ओळखलं, की गावाच्या खाली शिलारस, म्हणजे जमिनीच्या पोटातला वितळलेला खडक, उभ्या भेगेत घुसतो आहे. भेगेची लांबी सुमारे १५ किलोमीटर! रातोरात सगळं गाव रिकामं केलं. पुढं १८ डिसेंबरला गावाजवळची जमीन फाटली आणि लाव्हाची कारंजी उडाली.

आता विचार करा. भेगेतला शिलारस काही सगळाच्या सगळा बाहेर येत नाही. उरलेला भेगेतच थंड होतो आणि त्याचा दगड बनतो. म्हणजे जमिनीच्या आत एक उभी भिंतच तयार होते, की नाही? भूवैज्ञानिक अशा भिंतीला 'डाइक' म्हणतात. मराठी पुस्तकांत 'भित्ती' असाही शब्द आढळतो.

ग्रिंडाविकखालची भिंत आज कुणालाच पाहता येणार नाही. ती जमिनीच्या आत आहे. पण खानदेशात कोट्यवधी वर्षांच्या ऊन-पावसानं वरची जमीन झिजवली, वाहून नेली आणि आतल्या भिंती उघड्या पडल्या. आइसलँडमध्ये ज्वालामुखी बाहेरून दिसतो. धुळ्याजवळ तो आतून दिसतो!

साक्री ते पारोळा

धुळे-साक्री किंवा धुळे-पारोळा एस.टी.त बसलात तर खिडकीची जागा पकडा. शेतांच्या पलीकडे नजर टाका. अधूनमधून अशा टेकड्या दिसतील, की त्या गोल नाहीत, पसरट नाहीत. एका रेषेत सरळ गेलेल्या, अरुंद, काळ्या. जमिनीतून एखाद्या अजस्र जनावराचा कणा वर आलाय असं वाटावं. यातल्या बऱ्याच टेकड्या म्हणजे डाइक.

सगळ्याच डाइक टेकडीसारख्या उंच नसतात बरं का. डाइकचा दगड आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक असेल तर आजूबाजूचा खडक आधी झिजतो आणि डाइक वर उभी राहते. उलट ती भेगाळलेली असेल तर तीच आधी झिजते आणि तिच्या जागी लांबट खळगा होतो. कुठं ती शेतातल्या मातीखाली गडप होते आणि पुढच्या नाल्यात पुन्हा डोकं वर काढते.

या भिंती आहेत हे फार पूर्वीपासून माहीत होतं. डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी १८६९ मध्ये तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांतल्या खडकांवर मोठा अहवाल लिहिला. १९४९ मध्ये जे. बी. ऑडन यांनी पश्चिम भारतातल्या डाइकांवर लेख लिहिला. पण एकेका भिंतीजवळ जाऊन तिची लांबी किती, रुंदी किती, दिशा कोणती, हे मोजून एकत्र मांडायचं काम उरलं होतं.

ते काम मुंबईच्या आय.आय.टी.त झालं. तिथं पीएच.डी. करणाऱ्या रंजिनी रे, त्यांचे मार्गदर्शक प्रा. हेतु शेठ आणि सहकारी ज्योतिर्मय मल्लिक यांनी नंदुरबार-धुळे भागातल्या डाइकांचा अभ्यास केला. २००७ साली 'बुलेटिन ऑफ व्होल्कॅनॉलॉजी' या ज्वालामुखींना वाहिलेल्या जगप्रसिद्ध नियतकालिकात तो छापून आला. त्यांनी किती डाइक मोजल्या असतील? १०? ५०? नाही. २१०!

त्यातली सगळ्यांत लांब डाइक साक्रीकडून निघते, धुळ्यावरून जाते आणि थेट जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याकडे पोचते. लांबी सुमारे ७९ किलोमीटर. तिच्या कडेकडेनं ताशी ४ किलोमीटर वेगानं, कुठंही न थांबता चालायचं म्हटलं तर २० तास लागतील. ग्रिंडाविकखाली शिरलेल्या भेगेच्या पाचपट लांब! दोन जिल्ह्यांना जोडणारी ही सगळ्यांत जुनी रेघ म्हणायला हरकत नाही. सुरत-नागपूर महामार्ग तर परवाचा.

कसं करतात हे काम?

तुम्हांला वाटेल, शास्त्रज्ञ म्हणजे पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या. भूविज्ञानाच्या विद्यार्थ्याचा थाट वेगळाच असतो. डोक्याला टोपी, पायांत दणकट बूट, पाठीवर पिशवी. पिशवीत हातोडा, होकायंत्र, मोजपट्टी, भिंग, नकाशा, वही आणि पाण्याची बाटली. आधी उपग्रहानं काढलेली चित्रं पाहून सरळ रेघा हेरायच्या. मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन खात्री करायची, कारण उपग्रहाला शेताचा बांधही कधीकधी डाइकसारखा दिसतो!

जागेवर गेल्यावर ओळखायचं कसं? तीन खुणा सांगतो, त्या तुम्हांलाही उपयोगी पडतील.

पहिली खूण : आडव्या मोळ्या. लाव्हा थंड होताना आकसतो आणि त्याला तडे जातात. तळं आटल्यावर चिखलाला पडतात तसेच. हे तडे थंड बाजूकडून गरम बाजूकडे आत शिरतात. जमिनीवर पसरलेल्या लाव्हाची थंड बाजू वर आणि खाली असते, म्हणून त्याचे खांब उभे होतात. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशीच उभ्या खांबांची आहे. पण डाइकची थंड बाजू कुठली? डावीकडची आणि उजवीकडची. म्हणून तिचे खांब आडवे पडतात. वखारीत लाकडं रचून ठेवावीत तसे दिसतात.

दुसरी खूण : कडा बारीक, मध्य भरड. खडीसाखर कशी होते, आजीला विचारा. पाक सावकाश निवू दिला तर मोठे खडे होतात. भराभर घोटला तर बारीक पिठी. दगडाचंही तसंच. भेगेच्या कडेचा शिलारस थंड खडकाला टेकून झटकन गोठतो, म्हणून तिथला दगड अगदी बारीक कणांचा. मधला सावकाश निवतो, म्हणून तिथले कण मोठे. भिंगातून हा फरक दिसतो.

तिसरी खूण : छेद. डाइक आडव्या थरांना कापून उभी गेलेली असते. थर आधीचे, भेग नंतरची. रेघा ओढलेल्या पानावर कुणी उभी रेघ मारली तर आधी कुठल्या रेघा होत्या, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही!

मग दगडाचा तुकडा काढायचा, त्यावर क्रमांक लिहायचा, जागा वहीत नोंदवायची. प्रयोगशाळेत तो तुकडा घासून घासून ०.०३ मिलिमीटर जाडीचा करतात. इतका पातळ, की काळा फत्तरसुद्धा काचेसारखा पारदर्शक होतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगीबेरंगी दिसतो.

पोळी कुठं फाटते?

२१० डाइकांची दिशा मोजल्यावर एक गोष्ट उघड झाली. बहुतेक भिंती जवळजवळ पूर्व-पश्चिम आहेत. साक्री-धुळे-पारोळा ही नावं नकाशावर पाहा, तीही तशीच ओळीनं आहेत. हे असं का?

जेवताना एक पोळी घ्या. एक कड उत्तरेकडे आणि समोरची कड दक्षिणेकडे धरून ओढा. पोळी कुठल्या दिशेनं फाटली? पूर्व-पश्चिम! ओढ ज्या दिशेला, भेग तिच्या आडवी. म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी खानदेशची जमीन उत्तर-दक्षिण ताणली जात होती. नुसतं होकायंत्र घेऊन दगडाच्या भिंती मोजल्या आणि डायनोसॉरच्या काळात जमीन कुठल्या बाजूला ओढली जात होती ते कळलं. आहे की नाही कमाल?

घरी याचा प्रयोगही करता येतो. मोठ्या माणसाच्या मदतीनं एका पारदर्शक, मऊ प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाला छोटं भोक पाडा आणि चिकटपट्टी लावून बंद करा. बाजारात मिळते ती जेली पाकिटावर लिहिल्यापेक्षा निम्मं पाणी घालून दाट करा, डब्यात ओता आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी पट्टी काढा. बिनसुईच्या पिचकारीत गडद रंगाचं पाणी भरा, टोक भोकातून थोडं जेलीत खुपसा आणि अगदी हळू दाबा. रंग जेलीत गोळा होऊन बसत नाही. तो पानासारखा चपटा होऊन उभा वर चढतो. वरून पाहिलं तर बारीक रेघ, बाजूनं पाहिलं तर रुंद पडदा. हीच तुमची डाइक! दुसऱ्या वेळी मित्राला डबा दोन समोरासमोरच्या बाजूंनी हलकेच दाबून धरायला सांगा आणि पडदा कुठल्या दिशेला वळतो ते पाहा. पुढच्या विज्ञान प्रदर्शनात सोडा-व्हिनेगरऐवजी हे मांडा.

दगडाचे ठसे

आता कुणी हुशार मुलगी विचारेल, "भिंत तयार झाली, कबूल. पण त्या भेगेतून लाव्हा खरंच बाहेर आला होता कशावरून?" शाबास! प्रश्न बरोबर आहे. कित्येक भेगांतला शिलारस जमिनीपर्यंत पोचतच नाही, मध्येच गोठतो.

हे शोधायला दगडांचे ठसे घ्यावे लागतात. पोलीस बोटांचे ठसे जुळवतात ना, तसे. प्रत्येक लाव्हाच्या थरात काही मूलद्रव्यं अगदी अल्प प्रमाणात असतात आणि त्यांचं प्रमाण थरागणिक बदलतं. डाइकचं प्रमाण एखाद्या थराशी जुळलं, तर तो थर तशाच डाइकमधून आला असावा. हे जुळवाजुळवीचं काम लोइक व्हँडरक्लायसन या विद्यार्थ्यानं हवाई विद्यापीठात आपल्या पीएच.डी.साठी केलं. हवाई बेटं म्हणजे जिवंत ज्वालामुखींचं माहेरघर. तिथल्या विद्यार्थ्याला अभ्यासाला आपल्याकडचे थंड पडलेले दगड लागले! त्याच्याबरोबर रंजिनी रे आणि प्रा. शेठही होते. हा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. नर्मदा-तापी पट्ट्यातल्या अनेक डाइकांचे ठसे डेक्कन ट्रॅपच्या खालच्या आणि मधल्या थरांशी, म्हणजे आधीच्या लाव्हाशी मिळतेजुळते निघाले. महाबळेश्वरकडच्या वरच्या, नंतरच्या थरांचे ठसे जुळले ते नाशिक-पुणे भागातल्या आणि कोकणपट्टीतल्या डाइकांशी. म्हणजे आधीचा लाव्हा पुरवणाऱ्यांत आपल्या तापीकाठच्या भेगा होत्या.

भीतीचं कारण आहे का?

"मग हा ज्वालामुखी पुन्हा जागा झाला तर?" धाकट्या भावंडांना ही भीती वाटेल. त्यांना सांगा, खानदेशचा ज्वालामुखी केव्हाच विझला आहे. खाली शिलारस उकळत वाट पाहत बसलेला नाही. भारतात जागा असलेला ज्वालामुखी एकच, अंदमानच्या समुद्रातलं बॅरन बेट. तो १९९१ मध्ये दीर्घ झोपेतून उठला आणि तेव्हापासून अधूनमधून धुमसतो. त्या बेटावर माणसांची वस्ती नाही.

"पण चोपडा तालुक्यात उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे, त्याचं काय?" तो लाव्हानं तापत नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं. जमिनीत जसजसं खोल जावं तसतशी उष्णता वाढते. तिथं ते तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं.

"आणि लोणारचं सरोवर?" बुलढाणा जिल्ह्यातला तो सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा गोल खड्डा बरीच वर्षं ज्वालामुखीचं तोंड समजला जात होता. पण तो आकाशातून पडलेल्या अशनीच्या आघातानं झाला, हे तिथल्या दगडांनीच सांगितलं. गोल खड्डा म्हणजे ज्वालामुखी नव्हे, आणि सरळ टेकडी म्हणजे नुसती टेकडी नव्हे!

भिंत आणि विहीर

आता लेखातला सगळ्यांत महत्त्वाचा भाग. आई-बाबांना, शेतकरी आजोबांना हा मोठ्यानं वाचून दाखवा.

धुळे जिल्ह्याचा बराच भाग कमी पावसाचा. विहिरीला पाणी लागणं म्हणजे घराचं नशीब उघडणं. पाणाड्याला बोलवतात, तो नारळ हातावर घेऊन फिरतो, सांगेल तिथं विंधन विहीर घेतात. कर्ज काढून घेतलेली बोअर कोरडी गेली तर घरात चूल पेटावी अशी अवस्था राहत नाही. आणि बांधापलीकडच्या शेतात मात्र पाणी तुडुंब! मग लोक म्हणतात, "ज्याचं त्याचं नशीब."

पण काही ठिकाणी त्या नशिबाचं नाव डाइक असतं. पाणी जमिनीखालीही उताराच्या दिशेनं सावकाश झिरपत जातं. वाटेत एकसंध, तडे नसलेली डाइक आडवी आली तर ती जमिनीखालच्या बंधाऱ्यासारखी पाणी अडवते. तिच्या वरच्या अंगाच्या विहिरींना पाणी राहतं, खालच्या अंगाच्या उन्हाळ्याआधीच तळ गाठतात. उलट डाइक तडकलेली असेल तर तिच्या तड्यांतच पाणी साठतं आणि ती लांबच लांब टाकीसारखी होते. पुणे विद्यापीठातले भूवैज्ञानिक रेमंड दुराईस्वामी यांनी २००५ साली साक्री तालुक्यातल्या डाइकांवर नेमकं हेच लिहिलं, की कोरड्या मुलखात या डाइक पाण्याचे साठे ठरू शकतात.

म्हणजे पाहा, एकाच गावात एक डाइक पाणी अडवणारी, दुसरी पाणी साठवणारी. कुठली कशी, हे दुरून कळत नाही. प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावं लागतं. आणि दुसरीकडे या भिंतींचा टणक दगड खडीसाठी फोडलाही जातो. रस्त्यांना, घरांना खडी लागतेच, त्याला कुणाचा इलाज नाही. पण फोडण्याआधी ती भिंत कुठून कुठं जाते, तिच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी कशा आहेत, याची नोंद तरी नको का? टेकडी एकदा संपली की पुन्हा मोजता येणार नाही. ६ कोटी वर्षं टिकलेली गोष्ट काही वर्षांत नाहीशी होऊ शकते.

तुमची वही, तुमचा प्रकल्प

१९९३ मध्ये आपल्या देशात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद सुरू झाली. मुलांनी गटानं आपल्याच परिसरातला प्रश्न घ्यावा, स्वतः निरीक्षणं करावीत आणि निष्कर्ष काढावा, ही तिच्यामागची कल्पना. पुस्तकातून उतरवलेला प्रकल्प नको, पायांनी केलेला हवा. मग डाइक हा विषय खानदेशच्या मुलांसाठीच ठेवला आहे असं समजा!

चार-पाच जणांचा गट करा. विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या सरांना, बाईंना बरोबर घ्या. गावाचा नकाशा काढा. सरळ, काळी, अरुंद टेकडी किंवा नाल्यात आडवी आलेली दगडी पट्टी शोधा. वर सांगितलेल्या तीन खुणा तपासा. खुणा पटल्या तर होकायंत्रानं दिशा पाहा, रुंदी पावलांनी मोजा आणि नकाशावर रेघ ओढा. आय.आय.टी.च्या अभ्यासातली सर्वांत रुंद डाइक ६० मीटरांहून जास्त रुंद होती. तुमची किती?

आता रेघेच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी निवडा, इकडच्या तीन आणि तिकडच्या तीन. मालकाची परवानगी घ्या. मोठ्या माणसानं वजन बांधलेली, मीटर-मीटरवर गाठी मारलेली दोरी सोडायची आणि काठापासून पाणी किती खाली आहे ते तुम्ही लिहायचं. सरकारची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरा. वर्षभरानं दोन्ही बाजूंच्या आकड्यांचा आलेख काढा. फरक पडला तर उत्तम. नाही पडला तर तेही तितकंच उत्तम, कारण 'इथं डाइक पाणी अडवत नाही' हेसुद्धा एक उत्तर आहे. आकडे मनाला येतील तसे मात्र फिरवायचे नाहीत.

काही नियम पक्के पाळा. चालू खाणीत पाऊल टाकायचं नाही. विहिरीच्या काठावर एकट्यानं वाकायचं नाही. किल्ल्याच्या किंवा लेण्याच्या दगडाला हातोडा लावायचा नाही. वैशाखाच्या उन्हात दुपारी भटकायचं नाही. आणि सापासाठी काठी आपटत चाला, दगडांच्या फटीत हात घालू नका.

अडलं तर जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात पर्यावरण व भूविज्ञान प्रशाला आहे. सरांच्या सहीनं तिथल्या प्राध्यापकांना पत्र लिहा, सोबत तुमचा नकाशा जोडा.

पालकांनाही एक विनंती. मुलांचा प्रकल्प तुम्ही रात्री बसून पूर्ण करून देऊ नका. त्याऐवजी एका रविवारी त्यांच्याबरोबर टेकडीपर्यंत चाला आणि विहिरीत दोरी सोडायला हात द्या. वही झाली की तिची एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायला लावा. नवी विहीर कुठं घ्यायची याचा शेवटचा निर्णय तज्ज्ञच देतील. पण तज्ज्ञ गावात येईल एखाद-दुसरा दिवस. वर्षभराचे आकडे त्याच्यापुढं ठेवणारं कुणी असेल, तर ती तुमचीच मुलं असतील.

ऑक्टोबरपासून सुरुवात करायला सोपं जातं. पाऊस संपलेला असतो, विहिरी भरलेल्या असतात आणि दिवाळीची सुट्टी हाताशी असते. तेव्हा एक कोरी वही बाजूला काढून ठेवा. पहिल्या पानावर गावाचं नाव, तारीख आणि उत्तर दिशेचा बाण. बाकीची पानं तुमच्या पायांनी भरायची!